राणीच्या नाकासमोरची वेल

केरबा कुरणे यांची नि माझी ओळख भांडणातून झाली. १९९१ साली मी कोल्हापुरातल्या एका पोस्टात रजिस्टरच्या खिडकीवर होते. खिडकीवरची बाई म्हणून माझी ख्याती काही चांगली नव्हती. कागलची रूपाली तोंडानं फटकळ आहे, पण पावती चोख देते, असं आमचे पोस्टमास्तरच लोकांना सांगायचे. त्या दिवशी पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि काळवंडलेली बोटं असलेला, पन्नाशी ओलांडलेला एक माणूस पुण्याला पाठवायचं विम्याचं पार्सल घेऊन आला. विम्याच्या पार्सलाला शिवणीवर लाखेची सीलं लागतात. मी लाख वितळवून दिली, तर या गृहस्थांनी खिशातून एक राणीछाप रुपया काढला आणि तो लाखेवर दाबायला निघाले.

"नाण्याचा ठसा चालत नाही," मी म्हटलं.

"का?"

"नियम आहे. चालू नाण्याचं सील चालत नाही."

"ह्ये चालू नाणं कुठलं, बाई? राणी मरून नव्वद वर्सं झाली. ह्ये घ्या, आन् कपिलतीर्थाच्या मंडईतनं कोथमिरीची एक पेंडी आणून दावा."

मागची रांग हसली. मला राग आला, आणि तो ते बरोबर बोलत होते म्हणून आला. खिडकी माझी आहे, इथं मी म्हणेन तेच चालेल, असं मी ठणकावलं. त्यांनी रुपया मुकाट्यानं खिशात टाकला, सदऱ्याची पितळी गुंडी सोडली आणि तिचे पाच ठसे लाखेवर नीट एका रेषेत उठवले. एवढी देखणी सीलं मी माझ्या नोकरीत पाहिली नव्हती. पावती घेताना म्हणाले, "तुमच्या घरात राणीछाप आसंल तर घेऊन या. मी बघून सांगतो खरं का खोटं. फुकट बघतो."

आमच्याकडं कुणाच्या घरात राणीछाप रुपया नाही? माझ्या आईनं माझ्या लग्नात तिच्या माळेतला एक सुटा करून मला दिला होता. पुढच्याच आठवड्यात मी तो घेऊन सिद्धार्थनगरात त्यांच्या घरी गेले. भांडण राहिलं बाजूला, मी त्यांना मामा म्हणायला लागले.

मामा काही शिकलेले नाणेतज्ज्ञ नव्हते. चौथी पास. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, खोदता मात्र येत होती. चौदाव्या वर्षी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात ते उस्तादाच्या हाताखाली लागले ते डाय खोदायला. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यात चित्र उलटं आणि खोल कोरायचं, की त्यावर पत्रा दाबला म्हणजे ते सुलटं आणि वर उठून येतं. हुपरीच्या पैंजणांच्या कड्या, शाळांचे बिल्ले, तालमींची पदकं, सगळ्यांच्या डाय मामांच्या हातच्या. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. डाय गिऱ्हाइकाच्या हवाली केली की त्यांचं काम संपायचं. त्यातून निघालेला माल त्यांच्या नजरेला क्वचितच पडायचा.

नजर मात्र अशी, की एकदा पाहिलेला ठसा विसरायचे नाहीत. छप्पन साली धम्म स्वीकारल्यावर त्यांच्या घरातले देव पंचगंगेत सोडले, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. त्यातल्या चांदीच्या टाकांवर कुठल्या घोड्याचा पाय आखूड होता, ते मला त्यांनी पस्तीस वर्षांनी सांगितलं. माणसांची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. मला ते शेवटपर्यंत बाईच म्हणत आले.

जुन्या नाण्यांत ते पडले ते महाद्वार रोडवर. तिथं जोतीराम नावाचा एक बोलका गडी फडकं पसरून जुनी नाणी विकायचा. मामा सहज वाकले, एक रुपया उचलून भिंगातून बघितला आणि म्हणाले, "ह्येला रिकामा ठोका बसलाय." जोतीरामला वाटलं, नाण्यात खोट काढतोय म्हातारा. मामांनी त्याला तिथंच खाली बसून समजावलं. प्रेसवर वरची डाय खाली येते आणि मधे पत्रा घालायचा राहून जातो. मग लोखंडावर लोखंड आदळतं आणि या डायचं चित्र त्या डायला पुसट लागतं. कारखान्यात असं झालं की कामगाराच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, कारण त्यानंतर निघणाऱ्या प्रत्येक नगावर मागल्या बाजूची सावली पुढल्या बाजूला येते. टाकसाळीतही माणसंच कामाला. राणीच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत पलीकडच्या बाजूची वेल पुसट दिसली, तर समजायचं, सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या कुणाचा तरी हात चुकला.

जोतीरामनं ही गोष्ट गावभर केली. गुजरीतल्या एका सराफांना नाण्यांचा नाद होता. त्यांच्या पेढीवर रविवारी सकाळी पाचपन्नास नाणी घेऊन हौशी लोक जमायचे. मामांना तिथून बोलावणं आलं. ही साधी गोष्ट नव्हती. याच पेढीच्या पायरीवर उभं राहून त्यांनी वीस वर्षं डाय पोचवल्या होत्या. वर या, असं त्यांना कुणी कधी म्हटलं नव्हतं, आणि का म्हटलं नव्हतं ते त्यांनाही माहीत होतं, सराफांनाही. आता आत, गादीशेजारी, त्यांच्यासाठी खुर्ची मांडली जाऊ लागली. लाल रेक्झिनची, हातांची खुर्ची. मामा तीवर टोकाला बसायचे, पूर्ण टेकायचे नाहीत. पण त्या खुर्चीसाठी चिमणाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, शनिवारी सदऱ्याला नीळ घालून ठेवायच्या. त्या म्हणायच्या, "ह्यास्नी पेन्शन न्हाय, ती खुर्ची हाय."

मी एकदोनदा गेले होते तिथं. मामा शिकवायचे फार छान. दोन रुपये हातात द्यायचे, दोन्हीवरची अक्षरं दुहेरी. "ह्ये बघा. ह्या अक्षराला एका अंगाला चपटी पायरी हाय. प्रेस ढिली हुती, हादरा बसला. ह्ये त्या एकट्या नाण्याचं दुखणं. आन् ह्ये दुसरं बघा. अक्षराला दोन शेंडं फुटल्यात. म्हंजी डाय खोदतानाच मार दोनदा बसलाय. आता ह्या डायचं जेवढं नाणं निघंल, तेवढ्या समद्यांवर ह्ये दिसणार. एका आईची लेकरं." अशा नाण्यांना ते भावंडं म्हणायचे.

आणि त्यांचा एक ठाम नियम होता. खोटं नाणं करणारा साच्यात ओतून करतो, त्याला डाय कुठली नि प्रेस कुठली? म्हणून रिकाम्या ठोक्याची खूण दिसली की ते नाणं टाकसाळीचं, डोळे झाकून घ्या. पेढीवर हा नियम सगळ्यांनी मान्य केला होता. वजन, चांदी, आवाज हे सराफ बघायचे. शेवटचा शब्द मामांचा.

माझा रुपया त्यांनी भिंगाखाली धरला आणि त्यांचा चेहरा फुलला. "बाई, ह्ये तर माझं लाडकं हाय." १८६२ सालचा रुपया. राणीच्या नाकासमोर पुसट वेल. VICTORIA मधल्या R चा पाय दुहेरी. वर कडेला जुन्या डागकामाचा ठिपका, कारण माळेत घालायला तिथं कडी जोडलेली. असली भावंडं त्यांना आधी चार सापडली होती, माझं पाचवं. कोल्हापुरातल्या बायका माळांमधले सुटे झालेले रुपये घेऊन यायच्या, त्यात दर पाचसहा महिन्यांनी एक निघायचं. मामा प्रत्येक वेळी म्हणायचे, खरं हाय. १९९९ पर्यंत बावीस झाली होती.

तेविसावं म्हणावं असं एक होतं, पण ते त्यातलं नव्हतं. १९९४ मध्ये शिरोळच्या शेवंताबाई थेट सिद्धार्थनगरात त्यांच्या घरी आल्या होत्या, मीही होते त्या दिवशी. ऊसकरी घरातली ठसठशीत बाई, चिमणाबाईंच्या हातची भाकरी मागून खाल्ली. त्यांच्या रुपयावरही वेल होती, पण हनुवटीखाली, नाकासमोर नाही. R स्वच्छ, कडीचा डाग नाही. "ह्यो चुलत भाऊ हाय," मामा हसून म्हणाले होते. "टाकसाळ तीच, डाय येगळी. खरं हाय, ताई. जपून ठेवा." शेवंताबाईंनी तो पदराच्या गाठीत बांधला आणि वळून चिमणाबाईंना म्हणाल्या, ह्यो माणूस बोलला म्हंजी आता माझं भ्या गेलं.

आता डिसेंबर १९९९ ची गोष्ट. दुपारी खिडकीवर कुणी नव्हतं. एका पार्सलाची लाख उरली होती. मामा मनिऑर्डरचा फॉर्म घ्यायला आले आणि मला आठ वर्षांपूर्वीचं भांडण आठवलं. माझा रुपया तेव्हा पर्समध्येच असायचा. म्हटलं, मामांची थट्टा करू. एका पुठ्ठ्यावर लाख ओतली, रुपया पाण्यात बुडवला आणि दाबला.

"घ्या मामा. तुमची राणी बसवली लाखेत. आता तरी माझ्यावरचा राग सोडा."

रुपया उचलला. लाखेत राणी उमटली होती, खोल गेलेली आणि तोंड उलट्या दिशेला. मामा हसत हसत वाकले, सवयीनं भिंग डोळ्याला लावलं. हसू तसंच राहिलं, पण डोळा हलेना. मग त्यांनी पुठ्ठा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मग मागच्या मागं सरकत बाकाकडं गेले, मला वाटलं, त्यांना झटकाच आला. मी शिपायाला पाणी आणायला पिटाळलं आणि खिडकी बंद करून बाहेर धावले.

ते बाकावर बसले होते. पुठ्ठा मांडीवर.

"बाई, ही डाय माझी हाय."

"काय म्हणताय?"

"मी खोदलीया ही. कोयनेचा भूकंप झाला ना, सदुसष्ट साली, त्या दिशी दुपारी."

शिपायानं आणलेलं पाणी मी पुढं केलं. ते मात्र सांगत राहिले, माझ्याकडं न बघता. भूकंप पहाटे झाला होता. उद्यमनगरात सगळे कामगार रस्त्यावर होते, जमीन दिवसभर अधूनमधून हालत होती. एका चांदीवाल्याला माळांसाठी रुपये हवे होते. राणीछाप महाग पडायला लागले होते, म्हणून त्यानं खरा रुपया नमुन्याला देऊन तसलेच चांदीचे दागिन्याचे रुपये काढायचं ठरवलं होतं. त्यात फसवाफसवी नव्हती. माळेतला रुपया तो, त्याला कडीच जोडायची होती. त्याला लग्नसराई गाठायची होती, तो खनपटीला बसला. म्हणून मामा एकटे आत जाऊन कामाला लागले. "R चा पंच, म्हंजी अक्षर ठोकायचा खिळा, लावला, हातोडा उचलला, आन् जमीन हालली. पंच उडाला. परत मारला. डाय घासून पुन्यांदा करतो म्हणलो, तर त्यो म्हणला, माळंतल्या रुपयावरली अक्षरं कोण वाचतंय."

"पण मामा, तो रिकामा ठोका? तो तर टाकसाळीतच..."

"माझ्या उस्तादाची सवय. डाय कडक कराय पाणी पाजतात, त्याच्या आदी डायवर डाय ठेवून एक रिकामा ठोका मारायचा. बरोबर मधोमध बसतीया का कळतंय. मग त्यो डाग घासून काढायचा." त्यांनी लाखेवर बोट ठेवलं. "हितं मला घासता आलं न्हाय. हितं घासलं आसतं तर राणीचं नाक गेलं आसतं."

मी त्यांना विचारलं, मग आठ वर्षं, बावीस नाणी, एकदाही ओळखू कसं आलं नाही? माझा आवाज चढला होता. माझ्या आईचा रुपया होता तो.

"मी तवा ती सुलटी कधी बघितलीच न्हवती, बाई. डाय दिली, काम संपलं. आज लाखेत उलटी बघितली."

ते ऐकून माझा राग कुठल्या कुठं गेला. त्यांचा सगळा नियम त्यांच्याच हातच्या खुणेवर उभा होता. दुसऱ्या कुठल्याही जाणकाराला कदाचित त्या नाण्यांचा संशय आला असता. मामांना ती खूण बघून आपलेपणा वाटायचा, आणि का वाटतो ते त्यांना कळलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, हे कुणाला सांगू नका. लाख मी आत्ता वितळवते. हे फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक आहे, चांदीवाला मेला, दुकान बंद झालं, कुणाला कधी कळणार नाही. खुर्ची जाईल मामा, असंही म्हटलं. मला त्याची लाज वाटत नाही, तेव्हा मला तेच खरं वाटत होतं.

"मला कळलंय की," ते म्हणाले.

रविवारी मी त्यांच्याबरोबर गुजरीत गेले. त्यांना एकट्यानं जाऊ द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. खुर्ची मांडलेली होती. मामा बसले नाहीत. जोतीराम, सराफ, दहाबारा हौशी मंडळी, सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"रिकामा ठोका बघून मी आजवर जी जी नाणी खरी म्हणलो, ती समदी खोटी हाईत. डाय माझ्या हातची हाय. दागिन्याची हाय. मला वळखू आली न्हाय."

सराफांच्या हातातली कपबशी तशीच अधांतरी. जोतीराम आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्याला आठवलं की गेल्याच महिन्यात त्यानं मामांच्या शब्दावर एक भावंड सोलापूरच्या माणसाला दिलं होतं, आणि त्याचा चेहरा पडला. "मामा, आवं काय बोलतासा? जरा दम खा की," एवढंच तो म्हणत राहिला. कोपऱ्यातून एक आवाज आला, असल्या लोकांना पायरीवरनं वर घेतलं की असंच होणार. मी त्या माणसाला काय बोलले ते इथं लिहीत नाही, माझी मुलं हे वाचतील. मामांनी माझ्या कोपराला धरून मला बाहेर आणलं. त्यांना त्या माणसाचा राग आला नव्हता, निदान मला तरी दिसला नाही. पुढच्या रविवारी मी मुद्दाम पेढीवरून गेले. लाल खुर्ची भिंतीला लावली होती आणि तीवर वह्यांचे गठ्ठे ठेवले होते.

मामा बावीस घरं फिरले. नाव एकाचंही आठवत नव्हतं, पण कुठल्या नाण्यावर कुठला ओरखडा होता आणि ते घेऊन आलेली बाई कुठल्या गल्लीतून आली होती ते आठवत होतं. सोलापूरलाही जोतीरामला घेऊन गेले. प्रत्येक ठिकाणी तेच सांगायचे आणि परवानगी मागून कडीच्या डागाशेजारी पंचानं एक बारीक टिंब उठवायचे, म्हणजे त्यांच्या मागं कुणी फसायला नको. काही घरांत चहा मिळाला, काही घरांत दारातूनच वाटेला लावलं. इचलकरंजीत एका यंत्रमागवाल्यानं त्यांच्या देखत रुपया गटारात फेकला, तो मामांनी उचलून धुऊन त्याच्या बायकोच्या हातात दिला. माझ्या रुपयावर टिंब मारू द्यायला मी आठवडाभर नाही म्हटलं. मग दिलं.

मार्चमध्ये एके दिवशी सकाळी मी पोस्टाचं दार उघडायच्या आधी मामा पायरीवर उभे. आदल्या दिवशी बाविसावं घर झालं होतं, आता ते शांत असतील असं मी धरून चालले होते. तोंड पांढरंफटक. म्हणाले, "बाई, रजा टाका. शिरोळला जायाचं हाय."

जेवताना त्यांनी चिमणाबाईंना सांगितलं होतं, झालं, बावीस झाली. चिमणाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आन् ती शिरोळची? तिचं तर भावंड न्हवतंच. चुलत भाऊ म्हणलासा की." मामांचा घास हातातच राहिला. रिकामा ठोका बघून जी जी खरी म्हणलो ती समदी खोटी, असं ते पेढीवर बोलले होते. समदी. त्या धक्क्यात हनुवटीखालची वेल, स्वच्छ R, बिनडागाची कड, काही त्यांना आठवलं नव्हतं. ते नाणं त्यांच्या डायचं नव्हतंच, टाकसाळीचं होतं. ठसा न विसरणारा माणूस नेमका त्या दिवशी एक ठसा विसरला होता. मी स्वतः तिथं उभी होते, मला तरी कुठं आठवलं?

एस्टीत ते एकच म्हणत होते. तिला अजून कुणी सांगितलं नसेल, शिरोळ लांब आहे.

शेवंताबाईंच्या अंगणात उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या. आम्हाला बघून त्या पुढं आल्या. "या केरबाभाऊ, या. जोतीराम आलता बाजारात, म्हैना झाला. त्यानं सांगितलं समदं. म्हणला, म्हातारा घरोघर जाऊन सांगतोय, तुमच्याकडंबी येणार." मग आत वळून हाक मारली, "मोना, ये गं बाहीर."

नात बाहेर आली. नवीन लग्न झालेली, हातात अजून हिरवा चुडा. शेवंताबाईंनी तिची साडी घोट्याच्या वर उचलली. दोन्ही पायांत कोरी करकरीत जोडवी.

"म्हणलं खोटं तर खोटं, पेटीत ठेवून काय पुजायचंय? आटवलं न् पोरीला जोडवी केली. कशी दिसत्यात?"

टाकसाळीतून निघून सव्वाशे वर्षं पेट्यांत, पदराच्या गाठींत टिकलेलं नाणं एका वाक्यानं वितळलं होतं, आणि ते वाक्य बोलणारा माझ्या शेजारी उभा होता. मी मामांकडं बघितलं. मला खात्री होती ते बोलणार. बावीस घरी बोलले होते. गुजरीत बोलले होते. मामा खाली बसले, उकिडवे, मोनाच्या पायांजवळ. भिंग काढलं नाही. नुसत्या डोळ्यांनी बराच वेळ त्या जोडव्यांकडं बघत राहिले. मोनानं संकोचून पाऊल मागं घेतलं.

"चांदी चोख हाय," ते म्हणाले.

शेवंताबाई खूश झाल्या. आम्हाला काकवी आणि दशम्या बांधून दिल्या. मामांनी हात जोडले आणि निघाले.

एस्टी सुटल्यावर मी भडकले. तीन तास मी गप्प बसले होते, आणि ते माझ्यानं होत नाही. "का नाही सांगितलं? एवढ्या लांब मग कशाला आलो?"

मामा खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर उसाचे फड तुटलेले. "मी खरं म्हणलो तवा तिनं मानलं," ते म्हणाले. "खोटं म्हणलो तवाबी मानलं. आता तिसऱ्यांदा काय सांगू, बाई? ती त्येबी मानंल. आन् मग त्या पोरीच्या पायाकडं रोज कशी बघंल?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सदऱ्याच्या बाहीनं पुसायचे, परत यायचं. कंडक्टर तिकिटं तपासायला आला आणि काही न विचारता पुढं गेला.

त्यानंतर मामांनी कुठल्याही नाण्याला हात लावला नाही. भिंग एका घड्याळजीला देऊन टाकलं. पेढीवरून एकदा, वर्षभरानं, निरोप आला होता, या म्हणून. गेले नाहीत. मी काय नि चिमणाबाईंनी काय, खूप समजावलं. "येक चूक हुती तवर ठीक हुतं," म्हणाले. "ती सांगायला गेलो आन् दुसरी केली." २००४ च्या उन्हाळ्यात ते गेले.

दहाव्या की अकराव्या दिवशी मी सिद्धार्थनगरात चिमणाबाईंजवळ बसले होते. दारात रिक्षा थांबली आणि शेवंताबाई उतरल्या. शिरोळहून एवढ्या उन्हात आल्या होत्या, बरोबर मोना, तिच्या कडेवर पोर. चिमणाबाईंचा हात हातात घेऊन त्या बराच वेळ रडल्या. मग पदरानं तोंड पुसून माझ्याकडं वळल्या.

"बाई, तुमीच आलता न्हवं त्यांच्यासंगं? आवं, असला माणूस बघाय मिळायचा न्हाय. माझं नाणं खोटं हाय, ह्ये सांगायला सोता शिरोळपत्तोर आलता. त्वांडावर मात्र बोलवलं न्हाय बिचाऱ्याला. पर मला कळलं."

चिमणाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मोनाच्या पायांत तीच जोडवी होती, चालून चालून गुळगुळीत झालेली.

मी फटकळ बाई. पोस्टात माझ्या तोंडाला सगळे भ्यायचे. मी शेवंताबाईंना म्हटलं, "हो, मी होते बरोबर," आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले.